कूर्मदृष्टी आणि कासवाचे पोट

माणसाने जवळ केलेल्या प्राण्यांविषयी आपल्या परंपरेत पुष्कळ लिहिले गेले आहे. घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्र लाभला, हत्तींच्या वैद्यकाला पालकाप्य लाभला, गाईबैलांच्या आजारांवरील औषधे तर घरोघरच्या जुन्या बाडांत सापडतात. कासवाच्या वाट्याला मात्र असा कोणी आचार्य आला नाही. हा प्राणी आपल्या यज्ञवेदीत आहे, पुराणांत आहे, देवळाच्या सभामंडपात आहे, वाड्याच्या आडात होता आणि एके काळी राजाच्या पानातही होता. तथापि तो काय खातो, खाल्लेले कसे पचवतो आणि न पचल्यास त्याचे काय होते, या साध्या प्रश्नांकडे आपण फारसे वळलो नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, हुबळी-धारवाडच्या काही घरांत अलीकडे कासवाची लहान पिल्ले दिसू लागली आहेत. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेली, तळहातावर मावणारी ही पिल्ले कोणी वास्तूच्या भरभराटीसाठी आणतो, कोणी मुलांच्या हट्टासाठी. काही दिवसांत ती खाईनाशी होतात, पातळ शी करतात किंवा अजिबात करीत नाहीत, आणि डोळे मिटून कोपऱ्यात बसतात. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणा होते. वडीलधाऱ्यांना कासवाविषयी पुष्कळ माहिती असते, परंतु ती सारी दशावतारांतली असते. श्रद्धेतले कासव आणि पोटाचा विकार झालेले कासव यांच्यामध्ये केवढे अंतर पडले आहे, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाचे जे वर्णन आहे, त्यात वेदीच्या रचनेत जिवंत कासव ठेवण्याचा विधी सांगितला आहे. त्याला दही, मध व तूप यांचे लेपन करतात. कासव म्हणजे रसरूप, कासव म्हणजे सृष्टीचा आधार, ही कल्पना तेथे स्पष्ट दिसते. तेच कासव पुढे समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर घेते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या बदामीच्या लेण्यांत, सहाव्या शतकातील शिल्पपट्टिकांत, हे मंथन कोरलेले आहे. महाराष्ट्रातल्या शिवमंदिरांत नंदीसमोर जमिनीत बसवलेले दगडी कासव असते. त्याला वंदन करून आत जाण्याची आपल्या पूर्वजांची रीत होती आणि या प्रांतात येऊन पिढ्या लोटल्या तरी अनेक घराण्यांनी ती सोडलेली नाही.

पूजेच्या जोडीला दुसरी बाजूही होती. सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या २६व्या वर्षी जे प्राणी अवध्य ठरवले, त्यांची यादी त्याच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, साळिंदर यांच्याबरोबर तिच्यात कासवही येते. अवध्य ठरवावे लागले, याचा अर्थ वध होत होता. याचा पुरावा आपल्याच भूमीत सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठी वाचकांना ठाऊक असतो, तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे. त्याच ग्रंथाच्या अन्नभोगाच्या भागात कासवाचे मांस शिजवण्याची रीतही आली आहे. धारवाडचा मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या अमलाखाली होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या भागात कासव देवही होते आणि खाद्यही होते. घरात बाळगून त्याची निगा राखण्याचा प्राणी मात्र ते नव्हते.

कासवाच्या संगोपनाचा विचार मराठीत आला तो संतांच्या वाङ्मयात. ज्ञानेश्वरीत स्थितप्रज्ञाच्या लक्षणांच्या प्रसंगी अवयव आत ओढून घेणारे कासव येते. पण मराठी मनात अधिक रुजले ते दुसरे चित्र. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, चारा भरवीत नाही. ती दूर राहून नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच ती वाढतात. हीच कूर्मदृष्टी. संस्कृत परंपरेत ही वाटणी थोडी निराळी आहे. तेथे मासा दृष्टीने, कासव स्मरणाने आणि पक्षी स्पर्शाने पिल्लांचे पोषण करतो असे मानले जाते, आणि गुरूच्या दीक्षेचे तीन प्रकार त्यावरून सांगतात. मराठी संतांनी दृष्टीचा मान कासवीकडे दिला आणि देवाने भक्ताकडे कसे पाहावे याचे ते परिमाण ठरले.

या कल्पनेचा उगम निरीक्षणात असावा असे आम्हांस वाटते. कासवाच्या पिल्लाला कोणी भरवताना दिसत नाही आणि तरी ते जगते, हे जुन्या लोकांनी पाहिले होते. निरीक्षण बरोबर होते, कारण मात्र वेगळे होते. बहुतेक जातींच्या कासवांत मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती ओढून घेते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येते तेव्हा ती बहुधा जवळपासही नसते. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा उरलेला अंश असतो आणि पहिले काही दिवस ते त्यावरच राहते. आईच्या नजरेला जे श्रेय आपण दिले, ते वास्तविक या शिदोरीचे आहे.

याचे प्रत्यंतर कोकणात पाहावयास मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे गाव आपल्यासारख्या घराण्यांना नाना फडणविसांचे गाव म्हणून परिचित असते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून तेथे समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. किनाऱ्यावरची अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. ती आपली आपण समुद्रात जातात. त्यांना कोणी काही खाऊ घालीत नाही, उचलून पाण्यातही टाकीत नाही. पूर्वी जी अंडी माणसे व कोल्ही पळवून नेत, त्यांचे रक्षण करून गावाने मिळवलेला हा लौकिक आहे आणि त्यात माणसाचे काम पाहण्याचे व राखण्याचे एवढेच आहे.

आता आपल्या आडांकडे येऊ. धारवाडच्या जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांना परसात आड असे आणि त्यात एखादे कासव सोडलेले असे. पाण्यातले किडे व डासांच्या अळ्या ते खाते, पाणी स्वच्छ राहते, अशी समजूत होती. पोहरा आत गेला की करड्या पाठीचे ते जनावर बुडी मारी, हे आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. नीरसागराचे आणि पुढे मलप्रभेचे पाणी नळाने आल्यावर आड बुजले व ती कासवेही गेली. ही मऊ कवचाची, गोड्या पाण्यातली कासवे मासे, बेडूक, गोगलगायी, किडे आणि पाणवनस्पती असे सर्व काही खाणारी असतात. त्यांना घरातून कोणी जेवण देत नसे. जे आडात मिळे त्यावर ती वर्षानुवर्षे जगत, आणि कासव म्हणजे काहीही न मागता जगणारा प्राणी, असा आपला समज त्यातून पक्का झाला.

येथे भाषेचाही थोडा दोष आहे. इंग्रजीत पाण्यातल्या कासवाला एक आणि जमिनीवरच्या कासवाला दुसरा असे दोन शब्द आहेत. मराठीत दोघांनाही आपण कासवच म्हणतो आणि शेजारच्या कन्नड घरांत बोलण्यातला 'आमे' हा एकच शब्द चालतो. आज घरांत येणारे चांदण्यांचे कासव, ज्याला कन्नडमध्ये 'नक्षत्र आमे' म्हणतात, ते आडातल्या कासवाहून सर्वस्वी वेगळे आहे. ते माळरानावरचे व झुडपी रानातले जनावर आहे. गुजरात-राजस्थानचा भाग, आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकाच्या पूर्वेकडील कोरडा प्रदेश, पाकिस्तानचा सीमाभाग आणि श्रीलंका हे त्याचे घर. मुख्यतः ते गवत, पाला, फुले, निवडुंग व गळलेली फळे यांवर जगते. एकच नाव असल्यामुळे लोक या चरणाऱ्या प्राण्याला माशांचे खाद्य घालतात, पाण्याच्या टाकीत ठेवतात, आणि त्याला पोहता येत नसल्याने ते बुडते.

पाश्चात्त्यांनी तरी हा प्राणी लवकर ओळखला का? तसेही नाही; परंतु त्यांच्यापैकी एकाने त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिले. इंग्लंडातल्या सेलबर्न गावचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याला आपल्या आत्याचे कासव १७८० मध्ये वारशाने मिळाले. भूमध्य समुद्राच्या प्रदेशातले ते कासव एका खलाशाकडून विकत घेतलेले होते. व्हाइटने ते आपल्या बागेत ठेवले, त्याचे वजन करून नोंदी ठेवल्या, ते केव्हा जमिनीत पुरून घेते व केव्हा बाहेर येते याच्या तारखा लिहिल्या. ऐन उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाते, वसंतात व शरदात थोडे खाते, आणि थंडी येऊ लागली की अन्नाला तोंड लावीत नाही, हे त्याने नोंदले. चीक असलेल्या कोवळ्या पाल्याची त्याला आवड आहे हेही लिहिले. त्याचा सेलबर्नवरचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाइट १७९३ मध्ये वारला व कासव पुढच्या वर्षी. त्याला सगळे टिमथी या पुरुषी नावाने ओळखत. मागाहून कवचाच्या तपासणीत ती मादी असल्याचे निघाले. इतकी वर्षे जवळ असूनही नर-मादी कळली नाही, पण ऋतू आणि भूक यांचा संबंध मात्र त्याला अचूक सापडला होता.

हा संबंध म्हणजे कासवाच्या पचनाची किल्ली आहे. आपल्या शरीराची ऊब आतून निर्माण होते, कासवाची बाहेरून येते. सकाळच्या उन्हात अंग तापल्याशिवाय त्याच्या आतड्यांचे काम नीट सुरू होत नाही. त्यातही माळावरच्या कासवाचे मोठे आतडे म्हणजे गाईच्या पोटासारखे एक आंबवण्याचे पात्र आहे. गवतातला चोथा तेथे सूक्ष्म जंतू फोडतात आणि त्यातून त्याला पोषण मिळते. हे काम संथ आहे व त्याला तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. ऊब कमी पडली की पोटातले अन्न तसेच पडून राहते, कुजते, वायू धरतो. केळे, द्राक्षे, आंबा असे गोड पदार्थ वारंवार दिले की आतल्या जंतूंचा समतोल बिघडतो व हगवण लागते. दूध पचवण्याचे पाचकद्रव्य सरपटणाऱ्या प्राण्यांत नसते, कारण त्यांच्या कोणत्याही पिल्लाने कधी दूध प्यायलेले नसते. पोळी व भात यांतला पिठूळ अंशही त्याला मानवत नाही. पालकासारख्या भाजीतली आम्ले चुना बांधून टाकतात, आणि चुना कमी पडला की कवच मऊ राहते. पिल्लाला पाणी कमी मिळाले तर मळ कठीण होऊन अडकतो.

आता आपल्या गावाचा विचार करा. धारवाड हे मलनाड आणि पूर्वेकडचा कोरडा मुलूख यांच्या सीमेवर वसलेले, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे गाव. ज्येष्ठ-आषाढापासून येथे ढगाळ हवा, सततची झिमझिम आणि ओल असते. दुपारीही पारा बहुधा पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास घोटाळतो. माणसाला ही हवा सुखाची वाटते, तिच्यावर कविताही झाल्या. परंतु कोरड्या उष्ण माळावर उपजलेल्या आणि शहाबादी फरशीवर ठेवलेल्या काडेपेटीएवढ्या पिल्लाच्या पोटाला ती मानवणारी नाही. येथल्या कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात सरडे व बेडूक यांच्या प्रजननचक्रावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. ऋतू व तापमान यांचा या प्राण्यांच्या शरीरावर केवढा अंमल चालतो, हे ज्ञान म्हणजे आपल्या गावाला परके नाही. ते घरांपर्यंत पोहोचले नाही एवढेच.

आमच्या परिचयातल्या एका जुन्या मराठी घरात दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात असे एक पिल्लू आले होते. नातवाच्या वाढदिवसाला कोणी नातलगाने आणून दिले. आजीने त्याला हळदकुंकू वाहिले आणि दूध-पोळीचा काला बशीत ठेवला. मुलाने केळे व द्राक्षे दिली. आठवड्यात ते पातळ हगू लागले, नंतर खाणे सोडले, मागच्या पायांपाशी पोट फुगलेले दिसू लागले. गुरांच्या डॉक्टरकडे न्यावे असे घरात सर्वांना वाटत होते. पण हा प्राणी बाळगणे गुन्हा आहे हे एव्हाना कोणीतरी सांगितले होते, त्यामुळे चार दिवस कोणी घराबाहेर काही बोलले नाही. एका शेजाऱ्याने गुरांना देतात ते जंताचे औषध थेंबभर घालण्याचा सल्ला दिला. सुदैवाने तो पाळला गेला नाही. आयव्हरमेक्टिन हे जनावरांत सर्रास वापरले जाणारे औषध कासवांना विषासारखे बाधते, त्याने त्यांचे अंग लुळे पडून मृत्यू येतो.

शेवटी घरातल्या आजोबांनीच पिल्लू टोपलीत घालून पशुवैद्याकडे नेले. त्यांनी फारसे काही केले नाही. पिल्लाला दिव्याच्या उबेत ठेवावयास सांगितले, मान वर राहील एवढ्या उथळ कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावयास सांगितले, सर्व अन्न बंद करून नंतर हरळी व जास्वंदीची पाने तेवढी ठेवावीत म्हणाले. आणि ते वनखात्याच्या स्वाधीन करा, मी तुमच्याबरोबर बोलतो, असेही म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात त्याला मळ झाला, तिसऱ्या दिवशी त्याने पानाचा कोपरा तोडला. त्याच आठवड्यात आजोबा व नातू मिळून ते देऊन आले. परत येताना मुलाने विचारले, "अज्जा, ते आपल्याकडे राहिलं असतं तर पूर्ण बरं झालं असतं ना?" आजोबा म्हणाले, "बाळा, त्याला चरायला माळ लागतो. तो आपल्या घरात मी कुठून आणू?" आजीला मात्र घरचे कासव बाहेर घालवल्याची रुखरुख अनेक दिवस होती आणि ती आम्ही समजू शकतो.

या प्रसंगात जी भीती होती ती निराधार नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव आधी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आले आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बेकायदा बाळगण्यास किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही २०१९ मध्ये त्याला दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्या परिशिष्टात नेण्यात आले. आमचे बरेच आयुष्य सरकारी कायदे राबवण्यात गेले, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कायद्याच्या धाकाने माणसे गुन्हा करण्याचे जितके टाळतात, तितकेच झालेली गोष्ट लपवण्याकडेही वळतात. आणि येथे लपवलेला प्रत्येक दिवस त्या पिल्लाच्या पोटावर जातो. स्वतःहून पुढे येऊन प्राणी सोपवणे हा त्यातला सर्वांत सरळ मार्ग होय.

कायदा इतका कडक का करावा लागला, हेही पाहिले पाहिजे. आंध्रातल्या एका व्यापारकेंद्राचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वर्षात किमान ५५,००० कासवे रानांतून उचलली गेली असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्यांत बहुसंख्य पिल्ले होती. पिल्ले लहान, शांत, पिशवीत मावणारी. म्हणून तीच निवडली जातात. ती आपल्या देशातल्या घरांत जातात, तशीच विमानाने पूर्वेकडच्या देशांत जातात. अशी पकडलेली ५१ कासवे २०१८ मध्ये सिंगापूरहून विमानाने बंगळूरला परत आली. सिंगापूरची 'एकर्स' ही संस्था, आपल्याकडची 'वाइल्डलाइफ एसओएस' आणि कर्नाटकाचे वनखाते यांनी मिळून हे काम केले. रानात परत जाण्यापूर्वी अशा प्राण्यांना काही काळ वेगळे ठेवावे लागते, रोगांची तपासणी करावी लागते, पुन्हा गवत खाण्याची सवय लावावी लागते. म्हणजे माणसाच्या हातून बिघडलेले पोट ताळ्यावर आणणे हा त्या परतीच्या प्रवासातला मोठा भाग असतो. आणि घरातले पिल्लू आपणच नेऊन माळावर सोडले तर तो उपकार ठरत नाही. एक तर ते उपाशी मरते, नाहीतर घरातला रोग रानातल्या कासवांना देते.

रोगाची गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू त्याला स्वतःला काही न होता राहू शकतात आणि हाताळणाऱ्या मुलांना मात्र जुलाब-तापाने आजारी पाडतात. अमेरिकेत या कारणाने इतकी मुले आजारी पडू लागली की, १९७५ मध्ये तेथील सरकारने चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. बंदीचा हेतू कासवे वाचवण्याचा नव्हता, मुले वाचवण्याचा होता. पण लहान पिल्लांचाही त्यात लाभ झाला. आपल्याकडे देव्हाऱ्यापाशी ठेवलेल्या पिल्लाला हात लावून मूल तसेच जेवायला बसते, तेव्हा हे लक्षात ठेवावयास हवे.

श्रद्धेने केलेल्या संगोपनाचे मोठे उदाहरण आंध्रात श्रीकाकुलमजवळ श्रीकूर्मम येथे आहे. विष्णूच्या कूर्मावताराचे ते प्रसिद्ध देवस्थान. भाविकांनी आणून सोडलेली हीच चांदण्यांची कासवे त्या आवारात बाळगली जातात. मूर्तीतल्या कासवाला नैवेद्य चालतो, आवारातल्या जिवंत कासवाला ऊन, गवत, कोरडी जागा आणि वैद्य लागतो. हा फरक ध्यानात घेऊन प्राणिमित्र संस्थांना व वनखात्याला तेथे लक्ष घालावे लागले आहे.

म्हाताऱ्या कासवाच्या निगेची एक गोष्ट सांगून हा आढावा संपवू. दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या सेंट हेलेना बेटावर, जेथे नेपोलियनने अखेरचे दिवस काढले, तेथे १८८२ मध्ये सेशेल्सहून एक महाकाय कासव भेट म्हणून आले. त्याचे नाव जोनाथन आणि त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर ते चरत असे. वयोमानाने त्याची दृष्टी गेली, वासही कळेनासा झाला आणि ते खंगत चालले. चोच बोथट होऊन ठिसूळ झाली होती. गवत तर सभोवार होते. जो हॉलिन्स या पशुवैद्याने बारकाईने पाहिले तेव्हा ध्यानात आले की, त्याला गवत सापडत नाही, पुरेसे पोषण मिळत नाही. मग आठवड्यातून एकदा फळे-भाज्या हाताने भरवण्यास सुरुवात झाली. हळूहळू चोच पुन्हा धारदार झाली व प्रकृती सुधारली. पिल्लाला जी फळे बाधतात तीच येथे मोजून दिल्यावर उपयोगी पडली. नियम पाठ करून ही गोष्ट साधत नाही. समोरचे जनावर कोणत्या जातीचे, कोणत्या वयाचे, कोणत्या हवेत आहे, हे पाहावे लागते.

संतांनी कूर्मदृष्टीचे रूपक योजले तेव्हा त्यांना प्राणिशास्त्र सांगावयाचे नव्हते. जवळ नसतानाही काळजी करता येते, हे सांगावयाचे होते. त्या अर्थाने वेळासच्या वाळूत उभे राहून पिल्लांची वाट मोकळी ठेवणारे गावकरी, भूक आणि थंडी यांचा मेळ टिपणारा सेलबर्नचा धर्मोपदेशक आणि टोपली घेऊन पावसात निघालेले आमच्या परिचयाचे आजोबा हे सारे एकाच दृष्टीचे वारसदार आहेत. आपल्या देव्हाऱ्यात पितळेचे कासव आहे, देवळात दगडाचे आहे. त्यांच्या पूजेत काही उणे पडत नाही. जिवंत पिल्लू कोणी दारात आणून दिले, तर त्याला उबेत ठेवावे, दूध-फळे घालू नयेत, घरचे औषध करू नये, मुलांना हात धुवावयास लावावेत आणि उशीर न करता वनखात्याकडे पोहोचवावे. आडातले कासव गेले ते गेलेच. माळावरचे अजून शिल्लक आहे.